चौदा लाख आणि थोडी लाख

मुलांनो, गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने एका दुपारी चौदा लाख तीस हजार रुपये कमावले आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत घालवलेसुद्धा! लॉटरी नाही, काही नाही. सगळा व्यवहार वहीच्या एका पानावर झाला. ते पान मी तिच्याकडून मागून घेतलंय, आणि आज तेच तुमच्यासमोर उघडते आहे.

त्याचं असं झालं. अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या मामाचं घर आहे. मामा एस. टी.त कंडक्टर होते. अकोला-मूर्तिजापूर-अमरावती ही त्यांची नेहमीची गाडी. वाचनाचं भारी वेड! स्टँडवरच्या स्टॉलवर नवा अंक दिसला की चहा नको, पण अंक घ्यायचाच. दोन वर्षांपूर्वी मामा गेले. यंदा पावसाळ्याआधी घरावरची टिनं बदलायची होती, म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढलं, तर त्यात एक लोखंडी संदूक निघाली. वर गोणपाट, त्याखाली रेकॉर्डी, आणि रेकॉर्डींच्या खाली नुसती पुस्तकंच पुस्तकं.

मामी म्हणाली, "कायले ठेवतं वं हे? रद्दीवाल्याले देऊन टाका. निरा धूळ हाये."

रद्दीवाला आला, त्याने काटा लावला. कागद भरला २२ किलो. १४ रुपये किलोने झाले ३०८ रुपये. तो पैसे मोजणार, एवढ्यात आमची भाची मोबाइल घेऊन धावत आली. "आजी, थांब! यातलं एकेक पुस्तक दहा हजाराले आहे!"

भाची म्हणजे माझ्या मामेबहिणीची मुलगी. नुकतीच दहावी झालेली. तिला अमरावतीला अकरावी सायन्सला जायचं होतं. वसतिगृह, मेस, पुस्तकं धरून सुरुवातीलाच तीस हजारांचा खर्च होता, आणि तिच्या बाबांचं दुकान छोटं. "पाहू, पाहू" असं घरात रोज चाललं होतं. त्यामुळे मोबाइलवर तो आकडा दिसल्यावर तिने काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. तिने इंद्रजाल कॉमिक्स मोजले. १४३ भरले. १४३ गुणिले १०,०००. चौदा लाख तीस हजार! रद्दीवाला परत गेला, आणि मला फोन आला, "मावशी, लवकर ये!"

आता इंद्रजाल म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. घरी आईबाबांना, आजोबांना विचारा आणि त्यांचा चेहरा बघा! टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. मधल्या काळात आठशेहून जास्त अंक निघाले. त्यातला लाडका वीर म्हणजे वेताळ. विक्रमराजाच्या खांद्यावरचा नव्हे हं! हा बुरखा घालून कवटीच्या गुहेत राहणारा, मूळचा अमेरिकेतल्या ली फॉक यांचा 'फँटम'. १९३६ पासून तो तिकडच्या वर्तमानपत्रांत येत होता. आपल्याकडे तो मराठी बोलायला लागला. शिवाय जादूगार मॅन्ड्रेक होता, आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा अस्सल भारतीय बहादूरही आला.

मी अकोल्याला पोचले तेव्हा भाची वही घेऊन तयारच होती. मी तिला एकच प्रश्न विचारला, "हे दहा हजार कोणी दिले?"

"दिले म्हणजे? लिहिलं आहे ना इथे."

"लिहिलं आहे. पण दिले का?"

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कापूस होतो, त्यांना हे समजावून सांगायला नको. फळ्यावर लिहिलेला भाव वेगळा आणि गाडी रिकामी झाल्यावर हातात पडतो तो वेगळा. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातसुद्धा कापाकापी होते. जुन्या वस्तूचंही तसंच. विकणारा काहीही किंमत लिहू शकतो. मी माझ्या चपलांवर पाच लाख लिहीन, कोण अडवणार? घेणाऱ्याने मोजून दिले, तोच खरा भाव. भाचीने पुन्हा शोध घेतला, तेव्हा दिसलं की दहा हजारांची ती जाहिरात कितीतरी महिने तशीच पडून होती. विकले गेलेले अंक शंभर, दोनशे, तीनशे रुपयांना गेले होते. एखादाच अगदी सुरुवातीचा, कोरा करकरीत अंक त्याहून बराच जास्त.

ती हिरमुसली. पण मग तिने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "मावशी, मग अमेरिकेतला तो सुपरमॅनचा अंक कोटींना कसा गेला?"

खरं आहे. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अंक १९३८ चा. तेव्हा त्याची किंमत होती फक्त १० सेंट. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, म्हणजे आपले सुमारे ५० कोटी रुपये! का? तर तेव्हा कोणी तो अंक जपलाच नाही. पोरांनी वाचला, फाडला, आयांनी चुलीत घातला. त्यात दुसरं महायुद्ध आलं, आणि घरोघरची रद्दी युद्धाच्या कामासाठी गोळा केली गेली. सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या, त्यातल्या शंभरेक उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. आता याच्या उलट गंमत ऐका. १९९२ साली सुपरमॅन मरतो असा एक अंक काळ्या पिशवीत घालून विकायला काढला. लोक शहाणे झाले होते ना! 'पुढे लाखाचा होईल' म्हणून लाखो लोकांनी तो घेतला. काहींनी तर पाच-पाच घेतले आणि पिशवीसुद्धा न उघडता कपाटात ठेवले. सगळ्यांनीच जपला, म्हणून तो आजही मुबलक मिळतो आणि त्याला फारसं कोणी विचारत नाही.

म्हणजे लोकांनी जे फेकलं, त्यातल्या उरलेल्याला भाव येतो. तोही मागणारं कोणी असेल तरच!

मग आम्ही कामाला लागलो. अंगणात सतरंजी टाकली आणि एकेक अंक तपासून तीन ढीग करायला घेतले. पानं पूर्ण आणि अंक चांगला, तो पहिला ढीग. पानं पूर्ण पण कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठ फाटलेलं, चहाचा डाग, तो दुसरा. पानंच नाहीत, तो तिसरा. कसरीने जाळी केलेले, मामांनी सही ठोकलेले, कोडं पेनाने सोडवलेले, असे नाना प्रकार! ढीग भरले ४०, ६१ आणि ४२. मामी ओट्यावर बसून बघत होती. "काय करून रायल्या तुम्ही दोघी? सोयरीक जमवून रायल्या का पुस्तकाईची?"

या कामात दोन चुका झाल्या. त्या लिहितेच, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. पहिली चूक माझी. फाटलेल्या मुखपृष्ठाला मी हौसेने चिकटपट्टी लावली. वाटलं, चांगलं दिसेल. पण संग्राहकांना चिकटपट्टीचा भारी राग. काही वर्षांनी ती पिवळी पडते, कागद खाते आणि काढायला गेलं तर रंग घेऊन निघते. फाटलेलं तसंच राहू द्यावं. दुसरी चूक भाचीची, ती रेकॉर्डींच्या वेळी सांगते.

संदुकीत इंद्रजालशिवाय अमर चित्र कथा होत्या. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ही मालिका. पण तिच्या गोष्टी पुन:पुन्हा छापल्या गेल्या आहेत. गोष्ट जुनी म्हणजे प्रत जुनी असं नव्हे. मुखपृष्ठावरची किंमत पाहायची, आत छपाईचं वर्ष आणि पत्ता पाहायचा. आमच्या सगळ्या बऱ्याच अलीकडच्या निघाल्या, त्या भाचीच्या धाकट्या भावाने पळवल्या. चांदोबा मराठीत १९५२ पासून निघत होता. त्याचे तीन गठ्ठे मामांनी हौसेने बांधून घेतलेले. पण बांधणाऱ्याने कडा कापताना चित्रांचे काठही उडवले होते. ते आणि 'किशोर'चे अंक आमच्या शाळेत आले. 'किशोर' तर बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केला, आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. "फुकट वाचायला मिळतं तर कोणी विकत कशाला घेईल?" भाचीने विचारलं. अगं, ज्याच्या रांगेतला नेमका एक अंक हरवलेला असतो ना, तो घेतो! त्याला वाचायचं नसतंच, ते भोक बुजवायचं असतं.

आता रेकॉर्डी. एकूण ५२. त्यातल्या ३१ जुन्या, जड, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं. या मामांच्या वडिलांच्या. आणि २१ मोठ्या, हलक्या, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या, म्हणजे एल. पी. या मामांच्या.

या दोन प्रकारांचा मसालाच वेगळा. एल. पी. असते प्लास्टिकच्या जातीची, विनाइलची. ती फुटत नाही, पण उन्हाने वाकते. अकोल्याचा मे महिना आणि वर टिनं! संदुकीत अगदी वरच्या पाच एल. पी. पापडासारख्या वाकड्या झाल्या होत्या. जुनी ७८ ची तबकडी वेगळी. तिच्यात असते लाख. हो, झाडावरचे किडे करतात तीच, बांगड्यांची लाख! ती ताठ असते, पण हातातून पडली की मडक्यासारखी फुटते. आमच्या तीन आधीच फुटलेल्या होत्या. आणि चौथी? ती ही भाचीची चूक. धूळ पुसायला तिने कोरोनाच्या वेळची हात निर्जंतुक करायची बाटली घेतली. त्यात असतो अल्कोहोल, आणि लाख अल्कोहोलात विरघळते. फर्निचरवाले पॉलिश बनवतात ते असंच तर! फडक्यावर काळा रंग आला, तबकडीची चकाकी गेली, आणि पोरगी रडकुंडीला आली. लाखेच्या तबकडीला कोरडा मऊ ब्रश किंवा कोरडं सुती फडकं, बस. स्पिरिट लावायचं नाही. आणि कुठलीही रेकॉर्ड आडवी एकावर एक रचायची नाही, वहीसारखी उभी ठेवायची.

लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर तिरप्या उजेडात बारीक कोरलेला नंबर दिसतो. हा नंबर म्हणजे तबकडीचा जन्मदाखला. अशा नंबरांवरून कोणती तबकडी कधीची, हे शोधून याद्या करणारे लोक आहेत. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी वर्षानुवर्षं अशी माहिती गोळा करून छापली. नाहीतर १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचं गाणं तबकडीवर कसं घेतलं, गाणं संपल्यावर ती स्वत:चं नाव इंग्रजीत मोठ्याने का सांगते, हे आपल्याला कुठून कळलं असतं? (तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कसं कळणार? म्हणून.)

मामांच्या एल. पी.त 'शोले'च्या संवादांची होती. भाचीला वाटलं, हीच सगळ्यांत महाग असणार. पण १९७५ च्या 'शोले'चे संवाद तेव्हा गल्लोगल्ली वाजत होते, रेकॉर्ड घरोघर होती. सुपरमॅनच्या काळ्या पिशवीचीच गोष्ट!

रेकॉर्डी आम्ही अमरावतीला नेल्या. एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडे चालू प्लेयर आहे. त्यांनी एकेक उजेडात धरली, थोडी थोडी वाजवली. नऊ चांगल्या एल. पी.चे तीनशेप्रमाणे, सात खरखरणाऱ्यांचे शंभरप्रमाणे दिले. वाकलेल्या पाच बाजूला केल्या. लाखेच्या पंचवीस चाळीसप्रमाणे घेतल्या. झाले ४,४०० रुपये.

एकतीसमधल्या फुटक्या तीन आणि पुसलेली एक गेली, तरी सत्तावीस उरतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दोन मामीने आधीच उचलून ठेवल्या होत्या. भजनाच्या. घरातला फोनो बंद पडून तीस वर्षं झाली, सुई मिळत नाही. मी म्हटलं, "मामी, वाजवणार कशावर?" ती म्हणाली, "वाजवाले कायले लागते? माह्या डोक्यात वाजते ते." मी पुढे काही बोलले नाही.

इंद्रजालसाठी पुण्याचे एक संग्राहक फोनवर भेटले. त्यांच्याशी बोलायला मी होते, बरं का! अनोळखी माणसाशी असा व्यवहार तुम्ही एकट्याने मुळीच करू नका. त्यांच्या आधी एकाने 'पैसे पाठवतो, हा चौकोनी कोड स्कॅन कर' म्हणून भाचीला गळ घातली होती. पैसे घेण्यासाठी कधीच काही स्कॅन करावं लागत नाही. स्कॅन केलं की पैसे जातात! तिला हे माहीत होतं, म्हणून वाचली.

पुण्याच्या काकांनी फोटो पाहून भाव सांगितला. पहिल्या ढिगाचे २५० प्रमाणे, दुसऱ्याचे ८० प्रमाणे, तिसऱ्याचे फक्त १० प्रमाणे. (अपुरे अंकही घेतात, कारण एकातली पानं दुसऱ्याच्या कामी येतात.) एकूण १५,३०० रुपये. पाच हजार त्यांनी लगेच पाठवले. भाची वहीकडे बघत म्हणाली, "मावशी, दोन शून्यं गळाली." पण हसत म्हणाली.

रात्री अंक बांधताना ती पुन्हा पानं मोजत होती. मधेच थांबली. पहिल्या ढिगातल्या दोन अंकांची मधली जोडपानं नव्हती. पिना सैल झाल्या की मधली पानं अलगद निघून येतात, आणि वरून कळत नाही. फोटोतही कळलं नव्हतं.

"मावशी, हे त्यांना दिसेल का?"

"दिसेल. दोन दिवसांनी, नाहीतर दोन महिन्यांनी."

"मग ४८० रुपये कमी होतील."

मी काहीच बोलले नाही. खरं सांगू? मलाही ते ४८० रुपये दिसत होते. मेसचे किती दिवस निघतात त्यात! तिने थोडा वेळ नखं कुरतडली आणि साडेनऊला माझ्याच फोनवरून त्यांना फोन लावला. अंकांचे नंबर सांगितले. ते काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक आहे. ते दोन तिसऱ्या ढिगात टाक. आणि बाळ, बाकीचे मी आता उघडून मोजणार नाही."

आता शेवटचा अंक. तो तिसऱ्या ढिगात होता. त्याचंही मधलं जोडपान गेलेलं, पण त्या जागी गणिताच्या वहीचं चौकटीचौकटीचं पान सुईदोऱ्याने शिवलं होतं. त्यावर पेन्सिलीने चित्रं आणि निळ्या शाईने फुगे. मामा सहावी-सातवीत असतानाचं काम! त्यांना अंक मिळाला तोच पानं गेलेला. पुढे काय झालं ते कळेना, म्हणून त्यांनी स्वत:च गोष्ट पुरी केली होती. त्यांचा वेताळ घोड्यावरून थेट मोर्णा नदीत उतरतो आणि चोराला विचारतो, "काहून बे, इकडं कायले आला?"

भाचीने तो अंक काढून घेतला. दहा रुपये कमी झाले. कॉमिक्सचे १४,८१० आणि रेकॉर्डींचे ४,४००, मिळून १९,२१०. पार्सलचा खर्च ६१० वजा जाता १८,६००. तीस हजारांतले अर्ध्याहून जास्त निघाले, उरलेले तिच्या बाबांनी घातले. ती आता अमरावतीला असते.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली, तेव्हा पुण्याच्या काकांनी तिला एक पाकीट पाठवलं होतं. त्यांच्याकडे तोच अंक पूर्ण होता. त्यातल्या मधल्या पानांची छायाप्रत काढून त्यांनी मुद्दाम धाडली होती. साठ वर्षांनी खरी गोष्ट घरी आली! भाचीने ती मामीला मोठ्याने वाचून दाखवली, मग मामांची वाचून दाखवली.

मामीने दोन्ही ऐकल्या. म्हणाली, "त्या पुण्यावाल्याले याची झेरॉक्स पाठव. त्याच्या पुस्तकात मोर्णा नाही."